चोडणचे पक्षी आणि जुने गोवे एकाच दिवसात: भरती, फेरीबोट आणि वाट कशी जुळवावी?

साखळीकरीण

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून मावशी, काका आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू आमच्याकडे साखळीला येणार आहेत. काका पक्षीवाले, मावशीला जुन्या वास्तूंची ओढ, आणि नातवाचं एकच मागणं: होडीत बसायचं. म्हणून एक पूर्ण दिवस चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आणि जुने गोवे यांच्यासाठी राखून ठेवला आहे. गाडी आपली आहे.

सगळे सांगतात, "चोडणला जाताना भरती बघून जा." पण बघायचं म्हणजे नेमकं काय? पक्षी भरतीला दिसतात की ओहोटीला? मावशीचे गुडघे दुखतात, तिला आतली वाट झेपेल का? आणि पणजीला जाऊन रायबंदरहून फेरीबोट धरणं बरं, की मयेच्या बाजूने रस्त्यानेच चोडणला जाणं? माहीतगारांनी जरा सविस्तर सांगावं.

---

मांडवीकाठ

ताई, दिवसाचं वेळापत्रक पाण्यावरून ठरवा आणि चर्चच्या वेळा त्याच्यामागे बसवा. उलटं केलंत तर अकरा वाजता अभयारण्याच्या दारात पोचाल, होडी गाळात बसलेली असेल, ऊन डोक्यावर असेल आणि पक्षी सावलीला गेलेले असतील. "चोडणला काही दिसलं नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं गणित इथेच चुकलेलं असतं.

भरती की ओहोटी, याचं उत्तर 'दोन्ही' असं आहे, फक्त कामं वेगळी. ओहोटीला मांडवीकाठचा गाळ उघडा पडतो. त्यात किडे, शिंपले, बारीक खेकडे असतात. ते खायला तुतवार, टिलवे आणि लांब चोचीचे बाकीचे चिखलपक्षी उतरतात, बगळे ओहोळांच्या तोंडाशी उभे राहतात. भरतीला हे सगळं ताट पाण्याखाली जातं आणि पक्षी खारफुटीच्या फांद्यांवर नाहीतर बांधावर विसावतात. पण आतल्या ओहोळांत होडी शिरते ती भरतीलाच.

म्हणून सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती चढत असतानाचे शेवटचे तीन तास. गाळाचे पट्टे आक्रसत जातात, दूरवर विखुरलेले पक्षी उरलेल्या पट्ट्यावर गोळा होतात आणि आपोआप तुमच्या जवळ येतात. पट्टा बुडाला की मग होडीत बसायचं.

दिवस निवडायला आपलं जुनं गणित वापरा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. पूर्ण भरतीचा तास येतो. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या. दशमीला साडेसात, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पूर्ण ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि तेवढीच नंतर.

तुमच्यासाठी त्रयोदशी ते पौर्णिमा, किंवा त्रयोदशी ते अमावास्या. सात वाजता पोचा, नवापर्यंत काठावरून गाळ बघा, मग होडी.

मात्र या गणिताने दिवस ठरवावा, तास नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी, एक लहान. शिवाय समुद्रातलं पाणी नदीतून चोडणपर्यंत चढायला वेळ घेतं. तिथीवरून दिवस नक्की झाला की मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा आणि त्यातली वेळ आणि मीटरमधली उंची दोन्ही बघा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, चढउतार दोन मीटरच्या आसपास जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, तो निम्म्यावर येतो. भांगाच्या दिवशी गाळ धड उघडत नाही आणि ओहोळही धड भरत नाहीत. सप्तमी ते नवमी टाळाच.

---

खाजनबांध

मावशींच्या गुडघ्यांबद्दल: चोडणच्या फेरीधक्क्यापासून अभयारण्याचं दार जवळच आहे. आत खारफुटीतून जाणारी बांधीव पायवाट आहे, चढउतार जवळजवळ नाही. चालायला हरकत नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मोठ्या भरतीला पाणी जिथे वाटेला लागतं तिथे काळपट शेवाळाचा बारीक थर राहतो. सुकलेला दिसतो, पण तळवा टेकला की सटकतो. चपला, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. खाचांचा रबरी तळ असलेले बूट आणि मावशींच्या हातात काठी. निरीक्षण मनोऱ्याचा जिना त्यांनी चढू नये, खालून काही फारसं चुकत नाही.

वाटेपेक्षा होडीत चढणं त्यांना जड जाईल. पाणी खाली असेल तर धक्क्याच्या पायरीपासून होडी बरीच खाली असते, भरती जवळ आली की काठ आणि होडी जवळपास एका पातळीवर येतात. म्हणजे इथेही भरतीच उपयोगी पडते. बसताना आधी मधल्या फळीवर टेकायचं, मग सरकायचं. मुलाला जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि ते पट्टे आवळून घाला, नुसतं गळ्यात अडकवलेलं जाकीट काही कामाचं नाही. नदीच्या मोठ्या पात्रातून बार्ज (मालवाहू बोट) गेली की तिची लाट अर्ध्या मिनिटाने होडीला लागते. त्या वेळी कोणी उभं राहू नये, एवढं आधीच बजावा.

होडी पूर्ण भरतीच्या तासभर आधी सुटावी. भरती उलटल्यानंतर आतल्या ओहोळांतलं पाणी बघता बघता उतरतं. होडी रुतली तर उतरून ढकलण्याची सोय नाही, गाळ मांडीपर्यंत घेतो.

आता नातवासाठी. फक्त पक्षी म्हटलं तर दहा वर्षांचं पोर तासाभरात कंटाळेल. त्याला झाडं दाखवा. ज्याची मुळं फांद्यांसारखी कमानीने खाली उतरतात तो कांदळ. ज्याच्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतात तो तिवर. गाळात हवा नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. तिवराच्या पानाची पाठ उन्हात निरखली तर मिठाचे कण चमकताना दिसतात. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. गाळात उड्या मारणारा मासा दिसेल, तो निवटा. एक आंगडा भलामोठा असलेले खेकडे दिसतील, ते नर, आणि तो आंगडा वर-खाली हलवून मादीला बोलावत असतात. मुलाला फांद्या मात्र तोडू देऊ नका. इथे गेवा नावाचं झाड आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर जळतो.

चोडणला आलात की एक मानस बघितल्याशिवाय जाऊ नका. ही बेटं खाजनांची आहेत, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतं. बांधात जिथे पाणी आत-बाहेर करतं तिथे मानस असते. जुन्या मानशीला लाकडी झडपा असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की त्या आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. कोणी हात लावावा लागत नाही. ओहोटीच्या सुरुवातीला मानशीच्या तोंडातून पाणी सुटतं, बरोबर बारीक मासळी येते, आणि त्या दहा-पंधरा पावलांच्या जागेत चार जातींचे बगळे आणि खंड्या एकत्र बघायला मिळतात. काकांना सांगा, होडीतून उतरल्यावरचा अर्धा तास तिथे द्या. बांधावर गाडी चढवू नका आणि पाणी सोडणाऱ्या माणसाच्या वाटेत उभे राहू नका, त्याची मासळी तेवढ्याच वेळात मिळायची असते.

डास आणि चिखलातल्या बारीक माश्या सकाळी त्रास देतात. पूर्ण बाह्या, लांब पँट, मलम. पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा.

---

दुर्बीणवाला

काकांसाठी थोडं.

अभयारण्य आकाराने लहान आहे, सुमारे १.८ चौरस किलोमीटर, १९८८ मध्ये घोषित झालेलं. तिथे थव्यांची अपेक्षा ठेवून येऊ नये. चोडणची खासियत खारफुटीतले खंड्या आणि बगळे, आणि ते संख्येने कमी पण जवळून दिसतात.

खंड्यांपैकी तीन नीट वेगळे करता आले तर सकाळ सार्थकी लागली. नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा: डोकं तपकिरी, चोच लाल, छातीवर पांढरा डाग. काळ्या टोपीचा: डोकं काळं, पाठ जांभळट निळी, पोट नारिंगी, चोच लालभडक. हा हिवाळी पाहुणा आहे. आणि तिसरा, ज्याच्यासाठी लोक लांबून चोडणला येतात, तो कॉलर्ड किंगफिशर. पाठ निळी-हिरवी, खालची बाजू पांढरी, मानेभोवती पांढरा पट्टा, वरची चोच काळी आणि खालची बुडाशी फिकट. यातलं चोचीचं लक्षण महत्त्वाचं. काळ्या टोपीच्यालाही मानेला पांढरा पट्टा असतो, त्यामुळे घाईत नुसता पट्टा बघून लोक फसतात. चोच लाल असेल तर तो कॉलर्ड नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर हा पक्षी मोजक्याच जागी दिसतो. आतल्या ओहोळात पाण्यावर झुकलेल्या उघड्या फांद्या बघत जा, आणि त्याच्या मोठ्या, तुटक किक-किक-किक आवाजाकडे कान ठेवा. आवाज आधी येतो, पक्षी मागाहून सापडतो.

बगळ्यांमध्ये समुद्री बगळा आणि छोटा बगळा यांचा घोळ होतो. समुद्री बगळा राखट-काळा असेल तर प्रश्न नाही, गळा पांढरा असतो, ओळखू येतो. पण तो पांढऱ्या रूपातही असतो. तेव्हा चोच बघा: छोट्या बगळ्याची चोच बारीक, सरळ आणि काळी, समुद्री बगळ्याची जाडसर, पिवळट-तपकिरी आणि टोकाकडे किंचित झुकलेली.

गाळावर शेपूट सतत वरखाली करणारा आणि खांद्यापाशी पांढरा कोपरा असलेला तो तुतवार. नारिंगी-लाल पायांचा, उडाला की पंखांची मागची कड पांढरी दिसते, तो टिलवा. वर आभाळात तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार फिरत असेलच. पंख कोपरात मोडल्यासारखे धरून नदीवर घिरट्या घालणारा, पोट पांढरं आणि डोळ्यांवरून काळी पट्टी, तो कैकर. हाही हिवाळ्यातला.

दुर्बीण आठ पट, बेचाळीस मिलिमीटरची. दहा पटीची होडीत हलते आणि डोळे शिणतात. फोटो काढणार असतील तर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी हवीच. होडीवाल्याला सूर्य पाठीशी राहील अशा काठाने न्यायला सांगा, आणि पक्ष्याच्या अंगावर होडी घालू नका असंही सांगा. एक बगळा घाबरून उडाला की ओहोळातले पुढचे सगळे उडतात.

भरती जुळतच नसेल तर करमळीचं तळं आहे. जुन्या गोव्यापासून जवळ, कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच. गोडं पाणी, भरती-ओहोटीशी त्याचा संबंध नाही. अडई, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी तिथे. बदकं तळ्याच्या मध्यावर बसतात, तेवढ्या अंतराला साधी दुर्बीण कमी पडते. सकाळी लवकर किंवा चारनंतरच जावं.

---

साखळीकरीण

केवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. तिथीचं गणित काकांना फोनवर सांगितलं, ते आत्तापासून पंचांग घेऊन बसलेत.

आता वाट. नकाशावर बघितलं तर साखळी-डिचोली-मये-चोडण रस्ता सलग दिसतो. मग सकाळी रस्त्याने चोडण, तिथून फेरीबोटीने रायबंदर, पुढे जुने गोवे, असं केलं तर? परतताना काय करावं? दिवाडी बेटावरून येता येतं असं ऐकलं.

---

नार्वेवाट

अगदी बरोबर धरलंत. साखळीकरांनी सकाळी पणजी गाठून मग फेरीसाठी उभं राहणं म्हणजे उलटा वळसा. मयेवरून चोडणला रस्ता आहे, फेरी लागत नाही, आणि सातला पोचायचं तर हीच वाट भरवशाची.

चोडणहून रायबंदरला फेरीबोट. २०२५ पासून या मार्गावर रो-रो बोटीही सुरू झाल्या आहेत, त्यांत गाड्या जास्त मावतात. सकाळी कामावर जाणाऱ्यांची रांग चोडणकडून पणजीकडे असते, संध्याकाळी उलट. तुम्ही अकरा-साडेअकराला निघणार, तेव्हा दोन्हीकडे ओघ कमी असतो. गाडी बोटीत घेताना हातब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि मावशींना गाडी चढवण्याआधी उतरवू नका. उतरत्या धक्क्यावर ओल असते, तिथे चालण्यापेक्षा त्या गाडीतच बऱ्या.

परतीला दिवाडी. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी, बेट ओलांडलं की दुसऱ्या टोकाला नार्वेची फेरी, उतरलात की डिचोली तालुक्यात. नार्वेची फेरी रायबंदरएवढी वर्दळीची नाही, समोरून बोट येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

या वाटेवर नार्वेचं श्री सप्तकोटेश्वर देऊळ आहे आणि मावशींना ते दाखवाच. कदंबांचं हे दैवत मूळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे, डिचोलीच्या बाजूला नेलं. तेव्हा हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. इथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करवला, दारावर तसा शिलालेख आहे. लिंगाला पैलू आहेत, त्याला धारालिंग म्हणतात. नुकत्याच झालेल्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. कौलारू छप्पर, बसकं बांधकाम, समोर दीपस्तंभ. थोरल्या देवळांचा झगमगाट इथे नाही, आणि ते तसंच चांगलं आहे. अंधार पडण्यापूर्वी पोचलात तरच शिलालेख नीट वाचता येतो.

---

थोरले_गोवे

जुन्या गोव्याचा क्रम सांगतो, कारण बहुतेक जण बासिलिका आणि से कॅथेड्रल बघून उसाचा रस पितात आणि परततात.

बाराच्या सुमाराला पोचाल. उन्हात टेकडी चढू नका. पहिल्यांदा बॉम जेझू बासिलिका, आत गारवा असतो. पायाभरणी १५९४, अभिषेक १६०५. बाहेरून उघडा जांभा दिसतो, तो मूळचा तसा नाही. गिलावा विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात काढला गेला, आणि पावसाला तोंड देणाऱ्या सच्छिद्र जांभ्याची झीज हा तेव्हापासूनचा घोर आहे. दर्शनी भिंतीकडे जवळ जाऊन बघा: मधला भरीव दगड जांभा, पण खांब आणि कोरीव काम काळसर बेसॉल्टचं आहे. तो दगड वसईहून गलबतांनी आणलेला. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, टोकं झडतात, म्हणून हा खटाटोप.

आत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी उंचावर आहे. नुसत्या डोळ्यांनी फारसं कळत नाही, तिथे काकांची दुर्बीण काढा. खालच्या संगमरवरी समाधीवर चार ब्राँझचे फलक आहेत, त्यात संताच्या आयुष्यातले प्रसंग. ही समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने दिली, फ्लोरेन्सच्या फोजिनीने घडवली, आणि १६९८ मध्ये इथे उभी राहिली.

रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. १५६२ मध्ये सुरुवात, १६१९ मध्ये पूर्ण. समोरून एकच मनोरा दिसतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. बाजूलाच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च आणि त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. लोक व्हाइसरॉयांच्या तसबिरी बघायला जातात, पण तुम्ही कदंबकाळचे वीरगळ आणि सतीशिळा बघा. चर्चच्या आधीचं गोवे फक्त तिथे दिसतं. मावशींना बसायला जागाही मिळते. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

चार वाजता ऊन उतरलं की सेंट ऑगस्टिनचा मनोरा. गाडी वरपर्यंत जाते. मनोरा मूळ ४६ मीटर उंच, आज त्याचा निम्माच भाग उभा आहे. धर्मसंघांना १८३५ मध्ये हाकलल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, मनोऱ्याचा पुढचा भाग १९३१ मध्ये ढासळला. याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. जमिनीवरचे थडग्यांचे दगड बघत चला, त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष इथल्याच उत्खननात सापडले, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासून दुजोरा दिला आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. दगडांची भूमी खडबडीत आहे. मावशींनी पहिल्या दालनापर्यंतच यावं, तिथूनही मनोरा पुरता दिसतो.

दिवाडीची फेरी धरायला धक्क्याकडे जाताना सेंट कॅजेटनच्या आवारात थांबा. रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवरचं चर्च आहे. पण मला त्याच्या समोरचा दरवाजा दाखवायचाय: दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला जाळी. आदिलशाही वाड्याचं एवढंच उरलंय. पुढे व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, सोळाव्या शतकाच्या अखेरीला उभारलेली, आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. नदीकडच्या अंगाला वर वास्को द गामाचा पुतळा आहे, तो गाडीतून दिसत नाही. कमान ओलांडून थांबा आणि मागे वळून बघा.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सगळ्यांनी घाला. रविवारी सकाळी मीस (चर्चमधली प्रार्थना) असते, तेव्हा आत फिरू नये. डिसेंबरअखेरीस नाताळ-नववर्षाची गर्दी असते. तीन तारखेचं संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण) उलटून गेलेलं असेल, एवढं बरं.

---

मांडवीकाठ

नार्वेवाट यांचा मार्ग सुंदर आहे, पण या मंडळींना तो एका दिवसात नको. हिशेब मांडा: चोडणची पहाट, एक फेरी, जुन्या गोव्यात चार-पाच तास, मग आणखी दोन फेऱ्या आणि देऊळ. डिसेंबरअखेरीस सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. ऑगस्टिनचा मनोरा चारनंतर बघायचा असेल तर नार्वेचा शिलालेख उजेडात मिळणार नाही. काहीतरी एक सोडावं लागेल.

मी म्हणेन, परत या बाणस्तारी-माशेल-आमोणे मार्गे. सलग रस्ता, फेरी नाही, आमोण्याच्या पुलावरून थेट साखळी. वाटेत माशेलला श्री देवकीकृष्णाचं देऊळ. हे दैवत मूळ चोडणचं. तिथून आधी मये, मग माशेल असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे सकाळी ज्या बेटावर होता, त्याच बेटाच्या देवाचं संध्याकाळी दर्शन. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण अशी मूर्ती आहे, मावशींना आवडेल. देवळाला उजेडाची अट नाही, सांजवातीला पोचलात तरी चालतं.

नार्वे तुम्हा साखळीकरांना जवळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सवडीने जा, हवं तर तिथूनच पायी फेरीत बसून दिवाडीला जाऊन या.

---

नार्वेवाट

सूर्यास्ताचा मुद्दा मान्य. मुलगा दोन फेऱ्या आनंदाने करेल, गुडघे नाही करणार. मात्र माशेलने परतणार असाल तरी कॅजेटनपासून कमानीपर्यंत जाऊन यावं, ते अंतर मोठं नाही. आणि दुसऱ्या दिवशी दिवाडीला गेलात तर पिएदादच्या टेकडीवरचं चर्च चुकवू नका, तिथून मांडवी, चोडण आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात.

---

साखळीकरीण

ठरलं, माशेलने परत. आता एकच पेच उरला. काकांच्या पंचांगाप्रमाणे सोयीची भरती आमच्याकडे शुक्रवारी येते, आणि शुक्रवारी तर संग्रहालय बंद. गुरुवारी जावं की शनिवारी? आणि होडी आदल्या दिवशी ठरवावी लागते का?

---

खाजनबांध

भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. शुक्रवारी पूर्ण भरती साडेदहाला असेल तर गुरुवारी पावणेदहा आणि शनिवारी सव्वाअकरा. गुरुवार घ्या. होडी पावणेनऊला सुटेल, दहाच्या आत तुम्ही मानशीपाशी असाल, ऊन कोवळं राहील आणि अकराच्या आधी फेरी मिळेल. शनिवारी गाळ बघायला वेळ जास्त मिळतो हे खरं, पण होडीत ऊन लागतं आणि सुट्टीची गर्दी जुन्या गोव्यात अंगावर येते.

होडी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. अभयारण्याच्या दारावर वनखात्याचे कर्मचारी असतात, त्यांना विचारा. बोलताना नुसतं "सकाळी" म्हणू नका. भरतीची वेळ सांगा, किती माणसं, त्यात एक वयस्क बाई आणि एक मूल, आणि मोठ्या पात्राऐवजी आतल्या ओहोळांतून फिरवायचं, हे सगळं सांगा. मोटार लावलेली बोट नको, वल्ह्याची होडी मागा. मोटारीच्या आवाजाने खंड्या दोन वळणं आधीच उडून जातो. पैसे होडीचे की माणशी, तेही तेव्हाच ठरवून घ्या, आणि सुटे बरोबर ठेवा.

बुधवारी रात्री मुरगावचं कोष्टक पुन्हा एकदा बघा. गुरुवार सकाळच्या भरतीची उंची रात्रीच्या भरतीपेक्षा बरीच कमी दाखवत असेल तर होडीवाल्याला अर्धा तास उशिरा सोडायला सांगा, म्हणजे ओहोळात शिरताना तळाखाली पुरेसं पाणी असेल.